गरीब व होतकरू

विनिपेग,
९ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोन आईच्या हातात देता देता तुम्ही जे म्हणालात ते मला ऐकू आलं. "भिक्षांदेही करायला एवढी शिकली का ही?" फोन लांब धरला तरी आवाज येतो हो. ऐकलंच नाही असं दाखवून मी आईशी बर्फातल्या बुटांबद्दल दहा मिनिटं बोलले, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. असलं काही फोनवर बोलायला गेलं की माझा आवाज चिरकतो, मग आईचं बीपी वाढतं आणि विषय तिथेच राहतो. म्हणून पत्र. समास सोडून लिहिते आहे, बघा.

आधी जे झालं ते सरळ सांगते. बँकेची नोकरी ऑगस्टअखेर सोडली. टोरोंटोचं घर सोडलं. सप्टेंबरपासून मी इथे विनिपेगला आहे, एका छोट्या संस्थेसाठी देणग्या मागायचे अर्ज लिहिते, आणि हे तुम्हाला सांगायला दोन महिने लावले. मध्ये आईने विचारलं होतं, पाऊस आहे का गं तिकडे? मी आहे म्हटलं. खिडकीबाहेर बर्फ पडत होता. याची मला लाज वाटते. दुसरं म्हणजे डिसेंबरात येत नाही. एक मोठा अर्ज १५ जानेवारीला जायचा आहे. १२ फेब्रुवारीचं तिकीट काढलंय, तीन आठवडे राहीन. बाबांचा मोतीबिंदू तोवर थांबला तर चालेल का, हे मी डॉक्टरांना स्वतः फोन करून विचारलं. चालेल म्हणाले. दादाला मध्ये घातलेलं नाही, तेव्हा त्याला बोलू नका.

आई, तुझी काळजी आधी. घर उबदार आहे. बाहेर जानेवारीत उणे तीस होतं हे खरं, पण घरात मी सुती सलवार-कमीज घालून बसते. बसचा थांबा सात मिनिटांवर आहे. कुकर आहे, तोच, तू दिलेला, फक्त शिटी बदलली. तूरडाळ मिळते, कढीपत्तासुद्धा मिळतो. डॉक्टरचा खर्च इथल्या सरकारी कार्डावर होतो. पगार आधीच्या साठ टक्के आहे, पण भाडं जवळजवळ निम्मं आहे, म्हणजे हिशोब तुला वाटतो तेवढा वाईट नाही. बाबांसाठी वहीत मांडून ठेवलाय, आल्यावर दाखवेन. बँकेत मला काही त्रास होता म्हणून सोडली असंही नाही. वरिष्ठ चांगले होते. कुणी काढलं नाही. हे मी तीनदा लिहून तीनदा खोडलं, तरी लिहितेच: कुणी काढलं नाही.

मग का? बँकेत मी देणग्या देणाऱ्या मोठमोठ्या फाउंडेशनांच्या गुंतवणुकीचे तक्ते करायचे, आठवतं? पैसा कुठे साठलाय ते मला दिसायचं. तो खाली कसा उतरतो, किंवा उतरतच नाही, ते इथे येऊन दिसलं. मी ज्या छोट्या संस्थेत आहे ती शाळा सुटल्यावर तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवते. इथल्या मूळनिवासींच्या क्री आणि ओजिब्वे भाषा, ढोल, मणीकाम, उन्हाळ्यात जंगलात तंबू टाकून मासेमारी आणि कनू, म्हणजे छोटी होडी, वल्हवणं. माझं काम अर्ज लिहिण्याचं. आणि बाबा, फोनवर तुम्ही 'रेड इंडियन' म्हणालात, तो शब्द इथे शिवीसारखा लागतो. फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इनुइट असे मूळनिवासींचे तीन समाज आहेत. त्यांची इतकी वस्ती कॅनडाच्या दुसऱ्या कुठल्या शहरात नाही. २०२१ च्या जनगणनेत त्यांचं सरासरी वय ३३.६ निघालं, बाकीच्यांचं ४१.८. म्हणजे घराघरात पोरं आहेत आणि पोरांसाठीचे पैसे मात्र वर्षावर्षाच्या बोलीने येतात. मार्च आला की शिकवणारी मुलगी दुसरी नोकरी शोधायला लागते. सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यातली ६६ वी हेच सांगते, की वस्तीतल्या युवा संस्थांना अनेक वर्षांसाठी निधी द्या. तो आयोग कशासाठी बसला होता ते वाचलं असेल तुम्ही. या समाजांची दीड लाखांवर मुलं घरातून उचलून निवासी शाळांत टाकली, केस कापले, आपली भाषा बोललं की मार. हे शंभर वर्षांवर चाललं. आई, तू आजीशी बोलायची ती बोली तुझ्या तोंडून मारून काढली असती, तर मला ती कुठून आली असती?

आता बाबांच्या आवडीचा भाग, कायदा. आमची संस्था ना-नफा आहे, पण तिच्याकडे धर्मादाय नोंदणीचा क्रमांक नाही. पूर्वी फाउंडेशनला असा क्रमांक नसलेल्या संस्थेला सरळ पैसे देताच येत नव्हते. द्यायचे तर ते काम आमचंच आहे, आमच्याच हुकमाने चाललंय, असं फाउंडेशनला कागदावर दाखवावं लागे. म्हणजे राबायचं वस्तीने आणि मालकी दुसऱ्याची. २०२२ मध्ये प्राप्तिकर कायदा बदलला. आता लेखी करार, टप्प्याटप्प्याने पैसे आणि नीट हिशोब असेल तर सरळ देता येतं. शिवाय २०२३ पासून, फाउंडेशनकडे दहा लाख डॉलरच्या वर जे नुसतं साठून असतं, त्यातलं दरवर्षी पाच टक्के खर्च करायचं बंधन आहे. आधी साडेतीन होतं. दार किलकिलं झालंय, आणि आत जायचं ते अर्ज हातात घेऊनच. म्हणून मला आत्ता इथे असायचं होतं.

अर्ज म्हणजे तुमच्यासारखा दीड पानी नाही. बावीस पानं. मुद्दल काय मागता हे शेवटी येतं. साध्य काय, ते मोजणार कसं, पुढच्या वर्षी काय. खाण्यावर पाच टक्क्यांच्या वर खर्च नको, असं एका ठिकाणी लिहिलेलं. मुलं साडेचारला शाळेतून उपाशी येतात. आई, तुला सांगायला नको. मग मी तुमचाच नियम लावला, बाबा: साहेबांना आधी भेटायचं, अर्ज नंतर. फोन लावला, वीस मिनिटं बोलले आणि बारा टक्के मान्य करून घेतले. वडीलधाऱ्यांच्या मानधनाचं अजून भांडण आहे. इथे वडीलधाऱ्यांकडे काही मागायला जायचं तर आधी तंबाखू द्यायची. आई, दचकू नकोस. ओढायला नाही, मान म्हणून, आपल्या विडा-सुपारीसारखी. तर त्या तंबाखूची पावती कुठल्या खात्यात टाकायची यावर चार ईमेल झाल्या.

क्रीमध्ये आजीला कुकम म्हणतात. पहिल्या दिवशी मला कोकम ऐकू आलं आणि मी एकटीच हसले. आमच्याकडे एक कुकम रोज येऊन बसतात, मणी ओवत. अर्ज बाहेर जाण्याआधी त्यांना वाचून दाखवायचा असा रिवाज आहे. माझा पहिला खर्डा मी मोठ्या ऐटीत वाचला. व्यसनाच्या धोक्यातली मुलं, गळतीच्या धोक्यातली, आत्महत्येच्या धोक्यातली. आकडे, टक्केवारी, सगळं. त्यांनी सुई थांबवली नाही. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "ही कुणाची मुलं? आपली तर नाहीत." मला कळेना. मग त्या एकेकाचं सांगायला लागल्या. तो उंच पोरगा दोन बस बदलून येतो आणि एक दिवस चुकवत नाही. ती चष्मेवाली धाकट्या भावाला क्रीमध्ये आकडे शिकवते. तिसऱ्याने फुटकी कनू दुरुस्त केली. "हे कुठे लिहिलंस?"

कुठेच नव्हतं.

घरी येताना बसमध्ये मला आपलं ओट्याशेजारचं टेबल आठवलं. अख्ख्या आळीचे अर्ज बाबा तिथे लिहायचे, निळ्या शाईने. माझा सातवीचा अर्जही तिथेच लिहिला होता. "माझी मुलगी गरीब व होतकरू विद्यार्थिनी असून…" आई कणीक मळता मळता आली, वाचलं, आणि 'गरीब'वर बोट ठेवलं. पिठाचा ठसा उमटला. "होतकरू लिहा. गरीब कशाला?" बाबा म्हणाले, गरीब लिहिलं नाही तर साहेब पुढे वाचत नाही. आई म्हणाली, मग नको वाचू दे. दुसरा कागद घ्यावा लागला आणि त्या दिवशी पोळ्या उशिरा झाल्या. पुढे काय झालं ते आपल्या तिघांना माहीत आहे.

बाबा, यात तुम्हाला कमी लेखायचं नाही. साहेब कुठे थांबतो ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि ते मलाही अजून उपयोगी पडतं. पण अर्ज मी नव्याने लिहिला. पहिल्या पानावर कनू दुरुस्त करणारा मुलगा आहे, अर्थात त्याला विचारून. मुलांची माहिती ही त्यांची आणि त्यांच्या समाजाची, देणगीदाराला हवी म्हणून उधळायची नाही, हा इथला कडक दंडक आहे. एका ठिकाणाहून नकार आलाच. परिणाम मोजण्यासारखे नाहीत म्हणे. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. हे तुम्हाला सांगणार नव्हते.

राहता राहिली भीक. विनिपेग ज्या जमिनीवर उभं आहे तिचा मूळनिवासी आणि सरकार यांच्यातला करार १८७१ मध्ये झाला. सरकारने त्यांना माणशी वर्षाला तीन डॉलर द्यायचे ठरले, १८७५ मध्ये पाच केले. आजही पाचच आहेत. कुकम वेगळ्या करारातल्या, पण तिथेही पाचच. त्या दरवर्षी जाऊन घेतात. मी विचारलं, पाच डॉलरसाठी एवढं लांब कशाला जायचं? म्हणाल्या, करार अजून जिवंत आहे याची ती पावती आहे. बाबा, तुम्ही आयुष्यभर हिशोब तपासलेत. पाचावर दीडशे वर्षांचं व्याज काढून बघा आणि मग या अर्जांना काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. देणारे सगळे वाईट आहेत असंही नाही हं. इथल्या विनिपेग फाउंडेशनला १९२४ मध्ये कुणीतरी नाव न लिहिता एका पाकिटात सोन्याची तीन नाणी दिली होती. ती पाच-पाच डॉलरचीच.

बरं. आता ऐका. बाबा, डोळ्याचं होईपर्यंत संध्याकाळनंतर स्कूटर नाही. अजिबात. पंखे पुसायला स्टुलावर चढायचं नाही, फेब्रुवारीत मी पुसेन, तोवर धूळ राहू दे. आई, बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही, डबीचे कप्पे मी व्हिडिओ कॉलवर बघणार आहे. रात्री मोरीतला दिवा चालू ठेवा, त्याचं बिल मी भरते. दादाला गुरुवारी गॅसची नळी बघायला सांगितलंय.

आणि बाबा, नवा खर्डा दादाकडून छापून घ्या. इंग्रजी आहे, पण तुम्हाला कळेल. लाल पेन घेऊन बसा. बावीस पानांत मुद्दल कुठे हरवतंय ते तुमच्याइतकं कुणाला दिसत नाही. रागावला असाल तरी खुणा करा. मला दहा तारखेपर्यंत हवंय, डिसेंबरच्या.

तुमची,
मनू

ता. क. आई, तू माझ्यासाठी शिवलेली गोधडी कुकमना फार आवडली. त्या स्वतः ताऱ्याच्या नक्षीच्या गोधड्या शिवतात. तुझ्या हातात सध्या आहे तिचा फोटो पाठव, पण उलट्या बाजूचा. टाके बघायचेत त्यांना.