नाटक सोडू नकोस, मनू

प्रिय मनू,

काल फोनवर म्हणालीस की आता नाटक बंद, पुढची काही वर्षं फक्त गाणी लिहायची आणि रेकॉर्ड करून सोडायची, तालमीत सगळी संध्याकाळ जाते आणि हाताला काही लागत नाही. तेव्हा मी फार बोलले नाही, घाईघाईत काहीतरी सांगून टाकायचं नव्हतं. म्हणून हे लिहितेय, सवडीने वाच.

तुझी गाणी मला आवडतात हे तुला माहितीये. पण जी मनात राहिलीत ती आठवून बघ, बहुतेक सगळी नाटकासाठी लिहिलेली आहेत. त्या एकांकिकेत तू कपडे वाळत घालता घालता गातेस ना, ते आठव. सुरुवातीच्या तालमींत दोरीपर्यंत हात वर गेला की तुझा श्वास तुटायचा आणि ओळ मधेच पडायची. मग तू ओळच बदललीस, तो लांबलचक शब्द काढून दोन छोटे घातलेस, आणि चिमटा लावतेस तिथे थांबायला जागा ठेवलीस. प्रयोगात नेमकी तीच जागा लोकांनी उचलली. हेडफोन लावून खोलीत बसली असतीस तर हे सुचलंच नसतं गं, तिथे तुझे हात मोकळे असतात आणि समोर कोणी नसतं.

आता जरा मागचे लोक बघ. शाहीर साबळे १९२३ साली वाईजवळ पसरणीत जन्मले, शिकायला अमळनेरला होते तिथे साने गुरुजी भेटले, पुढे मुंबईत आले, पोवाडे गायले, आणि मग नुसत्या पोवाड्यावर थांबले नाहीत तर मुक्तनाट्य उभं केलं. म्हणजे तमाशातला गण, गवळण, बतावणी, वग हा सगळा घाट घेतला आणि त्यात आजचे प्रश्न घातले. 'आंधळं दळतंय'मध्ये तर मुंबईतल्या मराठी माणसाची अवस्थाच मांडली. नंतर 'महाराष्ट्राची लोकधारा' काढली, त्यात कोळीगीतं, गोंधळ, वासुदेव असं गावोगावचं गाणं नाचासकट, पेहरावासकट मंचावर आणलं. १९९८ला पद्मश्री मिळाली, २०१५ साली वयाच्या ९१व्या वर्षी गेले. एवढं मोठं आयुष्य गाण्यात गेलं आणि विषय कधी संपले नाहीत, कारण ते फक्त स्वतःबद्दल गात नव्हते.

हेच मला तुला सांगायचंय. स्वतःच्या मनातलं लिहून दहा-पंधरा गाणी होतात, चांगलीही होतात, पण पुढे काय? नाटकात तुला कधी दारुड्याच्या तोंडी गाणं लिहावं लागतं, कधी सासूच्या, कधी अशा माणसाच्या ज्याचं तुला अजिबात पटत नाही, आणि ते खरं वाटावं म्हणून तुला त्याच्या बाजूने विचार करावाच लागतो. ती शिदोरी चाळिशीत, साठीत पुरते.

अजून एक, तुझा तो हट्ट की शब्द माझेच, चाल माझीच, आवाजही माझाच. अगं, ज्या गाण्यामुळे अख्खा महाराष्ट्र शाहीर साबळ्यांना ओळखतो आणि जे २०२३ साली राज्यगीत झालं, त्याचे शब्द राजा बढ्यांचे आणि चाल श्रीनिवास खळ्यांची. घरात त्यांच्या पत्नी भानुमतीबाई गाणी लिहायच्या, तीही शाहीर गायले. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला असेल असं मला तरी वाटत नाही. नाटकात हे आपोआप शिकायला मिळतं, कोणाची तरी झील धरायची म्हणजे मागून साथीला गायचं, कोणाला तरी जागा द्यायची.

आणि अण्णासाहेब किर्लोस्कर! १८८० साली पुण्यात शाकुंतल हे संगीत नाटक केलं तेव्हा ते सरकारी नोकरीत होते. पदं स्वतः लिहिली, चाली मात्र लोकांच्या कानात आधीच होत्या तिथून घेतल्या, कीर्तनातली साकी, दिंडी, लावणी, कानडी चाली, सगळं चाललं त्यांना. १८८२चं त्यांचं सौभद्र नाटक लोक अजून करतात, पदं ऐकून बघ, बोलता बोलता माणूस कधी गायला लागला ते कळतच नाही. बेचाळिशीत गेले बिचारे, पण केवढं ठेवून गेले.

नोकरीचं टेन्शन तू घेतेस ते मला दिसतं. गायक वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी करत होते, आणि 'कट्यार काळजात घुसली' नाटकातले त्यांचे खाँसाहेब आले १९६७ साली, म्हणजे पंचेचाळिशी उलटल्यावर. तेव्हा तिशीच्या आत काही झालं नाही तर संपलं, असलं काही डोक्यात ठेवू नकोस. नोकरी कर, पगार येऊ दे, संध्याकाळ गाण्याला दे. दमायला होतं हे खरंय, त्यावर माझ्याकडे उपाय नाही, आठवड्यातली एक संध्याकाळ मात्र झोपायला ठेव.

रेकॉर्डिंगला माझा विरोध नाही, जरूर कर. फक्त कुठल्याही कंपनीच्या कागदावर सही करायच्या आधी पूर्ण वाच, लग्नातले लोक जसे जेवणावर तुटून पडतात तशी पहिल्या ऑफरवर पडू नकोस. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीत समान वाट्याचा हक्क दिलाय आणि तो कंपनीला लिहून देऊन टाकता येत नाही. हे तोंडपाठ असू दे. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी आयपीआरएस ही संस्था आहे, तिची मेंबरशिपही करून टाक. नाटकासाठी लिहिलेल्या गाण्यांचंही ग्रुपशी लेखी ठरव, गाणं कोणाचं, नाटक बंद झाल्यावर तुला गाता येणार की नाही, मैत्रीत हे विचारायचं राहून जातं आणि नंतर मैत्रीच जाते.

तुझे बाबा म्हणतात तिला तिचं ठरवू दे. ठरव की, मी कुठे अडवतेय. पण ग्रुपला नाही कळवायच्या आधी त्या नव्या नाटकाची संहिता एकदा पूर्ण वाच. त्यात ती आजी आहे ना, जिला तिसऱ्या प्रवेशात कोणी बोलूच देत नाही, तिच्यासाठी एक गाणं लिहून बघ. रविवारी फोनवर वाचून दाखव, चाल नसली तरी चालेल, दुसरं कडवं अडलं तर अडलेलंच पाठव.

तुझी,
आई