पहिल्या महायुद्धातील मराठा सैनिकांच्या नोंदी तपासणाऱ्या सदस्यांसाठी सूचना

आपल्या तालुक्यातून मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेवर गेलेल्या शिपायांची माहिती जमवताना काही चुका वारंवार होत असल्याने, याद्या महिनाअखेरीस पाठवण्यापूर्वी सर्वांनी पुढील बाबी तपासून घ्याव्यात, ही विनंती.

२९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कुत येथे तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. मात्र १९२२च्या पुनर्रचनेत हे क्रमांक बदलून १०३वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली, त्यामुळे घरच्या कागदावरील क्रमांक कोणत्या काळातला आहे हे आधी ठरवावे. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील युद्धदैनंदिन्यांत (पलटणींच्या रोजच्या नोंदवह्यांत) अधिकाऱ्यांची नावे येतात, साध्या शिपायाचे क्वचितच. तो युद्धात मरण पावला असेल तर त्याचा शोध राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) नोंदींत घ्यावा; तिथे फक्त मृतांची नावे असतात.

आयोगाच्या नोंदींत नावांची इंग्रजी रूपे बेभरवशाची असतात. आडनाव सापडले नाही तर वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा यांवरून शोधावे, आणि जिल्हा जुनाच धरावा: आजचा सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीत होता, रायगडचे नाव कुलाबा होते. निव्वळ नाव जुळले म्हणून कोणालाही आपला पणजोबा ठरवू नये (हा मोह मलाही झाला होता).

प्रत्येक नोंदीसोबत अभिलेखागाराचे नाव, धारिका क्रमांक व पृष्ठ लिहावे. गावातील संगमरवरी स्मृतिफलकावर बहुधा फक्त गेलेल्यांची आणि मृतांची संख्या असते. तरी त्याचे छायाचित्र, अक्षरे वाचता येतील असे, जोडावे.