बीएस्सी झालेल्या बाईने नर्स व्हायचंच नाही का? वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री साहेब,

सा. न. वि. वि. आपला फार वेळ घेत नाही असं लिहायची पद्धत आहे, पण माझी चार वर्षं जायची वेळ आलीय तर तुमची पाच मिनिटं गेली तरी चालतील.

गेल्या आठवड्यात बीएस्सी नर्सिंगच्या चार वर्षांच्या डिग्रीला प्रवेश मिळतो का विचारायला एका नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात गेले. मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी, मग पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी, सगळी कागदं फाइलला लावून. क्लार्कने डिग्री सर्टिफिकेट पालथं घालून बाजूला सारलं, हे नको मॅडम, बारावीची मार्कशीट द्या. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश मिळून 45 टक्के आहेत का तेवढं बघतात म्हणे, आणि सीईटी द्या, बारावीच्या पोरांसोबत. वर "या वयात कशाला?" हे फुकट.

म्हणजे पदवीची किंमत शून्य. नर्सिंगच्या 2021 च्या नव्या अभ्यासक्रमात आठ सेमिस्टर आहेत. पहिल्यात इंग्लिश, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, दुसऱ्यात बायोकेमिस्ट्री, आणि तिसऱ्यात, साहेब, मायक्रोबायोलॉजी! जी बाई रोज ग्रॅम स्टेन करते, कल्चर प्लेटवर कुठला जंतू वाढलाय ते ओळखते, तिला बॅक्टेरिया म्हणजे काय ते पहिल्यापासून शिकवणार, त्याची फी घेणार, हजेरी लावणार.

अमेरिकेत सेंट लुईस युनिव्हर्सिटीने 1971 सालीच दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांसाठी नर्सिंगचा फास्ट कोर्स काढला. आता तिकडे साधारण 11 ते 18 महिन्यांत होतो, आधीचे विषय धरले जातात, आणि शेवटी लायसन्सची परीक्षा सगळ्यांना एकच. ऑस्ट्रेलियात पदवीधर दोन वर्षांत मास्टर्स करून नर्स होतात. आपल्याकडे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग आहे, पण ते आधीच जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलेल्यांना. आणि जीएनएमचं दार पस्तिशीला बंद.

आता माझं गणित बघा. मी 35 ची. चार वर्षांनी 39. सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गाची मर्यादा 38. दोन वर्षांत झालं असतं तर 37 ला अधिपरिचारिकेचा, म्हणजे स्टाफ नर्सचा, फॉर्म तरी भरला असता. हे कुणाला दिसत नाही का, का दिसूनच असं ठेवलंय?

शॉर्टकट मागत नाहीये हो. वॉर्डातले तास एकही कमी करू नका, नाइट ड्यूट्या लावा, प्रॅक्टिकलला नापास करा. फक्त जे आधी शिकलेय ते परत शिकवू नका.

वडील सरकारी हॉस्पिटलात होते तेव्हा बघितलंय मी. रात्री अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर, सलाईन संपलं की नातेवाईकच धावत जाऊन हाक मारणार, आणि ती बिचारी दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी कॅथेटर बघत असणार. बाबांच्या हातावर सूज चढलेली आम्हालाच आधी दिसली, सुई शिरेबाहेर गेली होती. सिस्टरला दोष देत नाही मी, तिला पण दोनच हात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम म्हणे टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स! हजार माणसांमागे तीन नर्स हव्यात म्हणतात, आपण दोनच्या आसपास घुटमळतोय. आणि नर्स व्हायला निघालेल्या बाईला तुम्ही दारातून परत पाठवता.

घोषणा मात्र कमी नाहीत. 2023 च्या बजेटमध्ये 157 नवी नर्सिंग कॉलेजं. त्याच वर्षी नर्सिंग कमिशनचा कायदा, कौन्सिलचा 1947 चा जुना कायदा जाणार म्हणून टाळ्या. 2024 ला जर्मनीच्या बाडेन वुर्टेम्बर्गशी करार, आपली माणसं तिकडे पाठवायला, त्यांना जर्मन पण आपणच शिकवणार. तिकडच्या म्हाताऱ्यांची काळजी आहे, छान आहे. आणि शिकलेल्या विषयांची क्रेडिट्स खात्यात जमा ठेवणारी ती क्रेडिट बँक, एकदा शिकलेलं वाया जाणार नाही म्हणून जिचा एवढा गाजावाजा केला? खातं आहे, पण नर्सिंगच्या काउंटरवर चेक वटत नाही.

खरं तर नुसतं नर्सिंगचं नाही हे. या देशात सतराव्या वर्षी जो रस्ता धरला तोच मरेपर्यंत, मधे वळायचं म्हटलं की परत बारावीच्या बाकावर जाऊन बसा. आमदारकीला बरं कुणी बारावीचे मार्क विचारत नाही! पक्ष तर कितीदाही बदला, सिनियॉरिटी जात नाही.

सायन्सच्या पदवीधरांसाठी दोन वर्षांचा कोर्स, नाहीतर निदान थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, एवढं केंद्राकडे आणि कौन्सिलकडे लेखी मागा. ते तुमच्या हातात नाही हे सांगू नका, मागणं हातात आहे. आणि उत्तर पाठवणार असाल तर "आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे" हे सोडून काहीही पाठवा.

आपली,
बारावी पास (बीएस्सी धरत नाहीत म्हणून)