भडंगाच्या पुडीतलं आधार कार्ड

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात गंगावेशीत भडंग घेतलं. घरी पुडी सोडून कागद सरळ केला, तर समोर एका म्हाताऱ्या बाईंचं आधार कार्ड. फोटो, पत्ता, बाराच्या बारा आकडे, खाली निळ्या शाईचा अंगठा आणि तेलाच्या डागाआडून दिसणारा एका सरकारी कार्यालयाचा आवकचा शिक्का. तो कागद मी जाळून टाकला. पण रद्दीच्या त्या गठ्ठ्यात आणखी किती माउल्यांचे अंगठे होते, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

आईच्या निराधार पेन्शनसाठी मीही अशाच झेरॉक्स दिल्या आहेत. शेवटचे चारच आकडे दाखवणारं 'मास्क्ड आधार' मी पुढे केलं होतं. ते आधार प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावरून मिळतं. "हे चालत नाही," म्हणून परत केलं. त्याच टेबलावर बाहेरचा एक मुलगा साहेबांच्या लॉगिनवर काम करत होता. मी विचारलं, तर म्हणाला, "साहेब व्हिजिटला गेल्यात. पासवर्ड हाय की हितं चिकटवलेला." मॉनिटरच्या कडेला खरंच चिठ्ठी होती. उद्या त्या लॉगिनवरून कुणाची माहिती बाहेर गेली, तर नोंदीत साहेबांचंच नाव दिसणार. खरा माणूस कधी सापडणारच नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि गरजेपुरताच हात घालावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये मात्र देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्राने स्वतःकडे ठेवली आहे. ही मुभा मला फार मोठी वाटते. ज्याच्याकडे सगळ्यांची माहिती, त्यालाच सूट कशी?

ते कलम आपल्या हातात नाही, हे मला कळतं. पण कार्यालयाची रद्दी आपल्या हातात आहे. ओळख पटवायची तर आधारवरचा क्यूआर कोड स्कॅन करता येतो. झेरॉक्स ठेवायचं कारण काय? ठेवलीच, तर ती रद्दीवाल्याला न देता मशीनमध्ये बारीक कातरून टाका. एका माणसाला एकच लॉगिन, आणि कुणी कधी काय उघडून पाहिलं याची नोंद, एवढं तर शासन आदेशाने होऊ शकतं. महाद्वार रोडवरच्या कॅमेऱ्यांबद्दलही हेच म्हणणं आहे. गर्दीत हरवलेलं पोर शोधायला कॅमेरा हवाच. पण ते चित्रण किती दिवस राहतं, कोण बघतं, हे सांगणारी एक पाटी खांबावर लावायला काय हरकत आहे?

आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी लवकरच मला त्याच टेबलापुढे उभं राहायचं आहे. मास्क्ड आधार नाकारू नये, असा आदेश त्याआधी काढावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
कोल्हापूरची एक नागरिक