मेलेल्या माशांच्या बदल्यात मासे नकोत, पैसे परत करा

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 'इन्स्टंट अ‍ॅक्वेरियम' पॅकेज व वार्षिक देखभाल करार रद्द करून रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

जूनमध्ये मी तुमच्याकडून दोन फुटी फिशटँकचं पॅकेज घेतलं. टाकी, कॅबिनेट, फिल्टर, हीटर, लाइट, मासे आणि वर्षभराची मासिक सफाई धरून १४,८०० रुपये भरले. बिलाची आणि कराराची प्रत सोबत जोडली आहे. आज टाकीत दोन मॉली उरल्यात. पहिल्या खेपेचे बाकी दहा मासे मेले, आणि त्यांच्या बदल्यात तुम्ही पाठवलेले चारही मेले. आता तुमच्या ग्राहक सेवेने पुन्हा एकदा 'फ्री रिप्लेसमेंट' देऊ केली आहे. ती मला नको. का नको, ते नीट लिहिते.

तुमचा माणूस आला, टाकी लावली, नळाचं पाणी भरलं, त्यात अँटिक्लोरीनचे थेंब टाकले आणि तासाभरात मासे सोडले. चार ओरँडा गोल्डफिश, दोन एंजल, सहा मॉली, आणि पाणी जेमतेम साठ लिटर. हीटर २८ अंशांवर लावून तो पुढच्या घरी गेला. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा, वीस-बावीस अंशांत सुखी असतो. एंजलला गरम पाणी लागतं. हे दोघे एका टाकीत नांदत नाहीत, हे मासेवाल्या कुठल्याही दुकानातला पोऱ्या सांगेल. तुमच्या कॅटलॉगमध्ये मात्र ते 'फॅमिली कॉम्बो' म्हणून एकत्र विकले जातात.

पण खरं कारण वेगळं आहे. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. तो संपवणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. नव्या कोऱ्या टाकीत हे जीवाणू पुरेसे नसतात. ते बसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकीत मासे नसावेत किंवा एखाद-दुसराच असावा. तुम्ही पहिल्याच दिवशी बारा सोडले, त्यात चार गोल्डफिश, जे इतरांहून कितीतरी जास्त घाण करतात. वर पाणी गरम. पाणी जितकं गरम, तितका अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो.

आठवड्याच्या आतच गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. कल्ले लालभडक झाले होते. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे थेंब टाकून बघायचं टेस्ट किट आणलं. अमोनिया नसेल तर नळीतलं पाणी पिवळं राहतं. आमचं पाणी बघता बघता गडद हिरवं झालं. त्याचा फोटो तुम्हाला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. उत्तर आलं, 'मॅम, ओव्हरफीडिंग टाळा.' दिवसातून एकदा चिमूटभर दाणे, तेही तुमच्याच डब्यातले आणि तुमच्याच माणसाने दाखवले तेवढे! पहिला एंजल मेला तो फिल्टरच्या जाळीला चिकटलेला सापडला, डोळे पांढरे पडलेले. मेलेला मासा पाण्यात राहिला की कुजून अमोनिया आणखी वाढतो, म्हणून लगेच जाळीने काढला. काय करू म्हणून फोन केला, तर 'फ्लश करून टाका' असं सांगण्यात आलं. रोगाने मेलेला असला तर तो गटारातून कुठे जाईल, याचा विचार तुमच्याकडे कुणी केला आहे का? मी जास्वंदीच्या कुंडीत पुरला. दुसऱ्या दिवशी मांजराने उकरला, तेव्हापासून खोल पुरते आहे.

मग तुमची मासिक सफाई. करारात शब्द आहे 'संपूर्ण सफाई', आणि ती खरोखरच संपूर्ण होती. मासे बादलीत, टाकी रिकामी, खडे बाथरूममध्ये चोळून धुतलेले, आणि फिल्टरचा स्पंज थेट नळाखाली. क्लोरीनच्या पाण्यात स्पंज धुतला की त्यावर जमू लागलेले जीवाणू मरतात. म्हणजे जे काही बसत होतं तेही गेलं, आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवशी जिथे होती तिथे आली. पाव भाग पाणी बदलायचं आणि स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, एवढं पुरतं. त्या मुलाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, 'मॅडम, कंपनीत असंच शिकवलंय.' त्याच्यावर माझी तक्रार नाही. दिवसभर बादल्या वाहणाऱ्या पोराला बोल लावून तुम्ही सुटू नका, एवढंच.

याच भेटीत तो आणखी एक वाक्य बोलला : 'पहिल्या महिन्यात दोन-चार मरतातच, कंपनी धरूनच चालते.' तुम्ही धरून चालता, मग विकताना ते का सांगत नाही?

बदलीचे चार मासे आले ते अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके घेऊन. हा व्हाइट स्पॉट, परजीवीचा रोग. तुमच्या माणसाने टाकीत निळं औषध एकदाच ओतलं आणि झालं म्हणाला. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तेव्हा औषध त्याला लागत नाही; पाण्यात सुटलेली त्याची पिल्लंच मरतात. म्हणून डोस काही दिवस पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. आजारी मासे वेगळे ठेवून, बरे झाल्यावर पाठवणं तर दूरच.

तुमच्या अटींत लिहिलं आहे की पिशवी न फोडता दोन तासांत व्हिडिओ पाठवला तरच भरपाई. टाकीत सोडल्यावर मेलेल्यांची जबाबदारी नाही. सोडणारा तुमचाच माणूस, मग ही अट कुणासाठी?

तेव्हा नवे मासे पाठवू नका. त्या पाण्यात ते मरायलाच येतील, आणि त्यांचाही हिशेब तुम्ही 'धरून' ठेवलेला असेल. पॅकेजचे १४,८०० रुपये आणि टेस्ट किट व औषधांवर झालेला खर्च, ज्याची बिलं सोबत आहेत, १५ दिवसांत परत करा. टाकी, कॅबिनेट, हीटर घेऊन जा. फिल्टर आणि दोन मॉली मी ठेवते, त्यांची किंमत वजा करा. आणि 'इन्स्टंट अ‍ॅक्वेरियम'च्या जाहिरातीत मासे सोडण्याआधी किती आठवडे थांबायचं, ते ठळक छापा.

उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. बिलाच्या मागे 'सर्व वाद फक्त आमच्या शहरातील न्यायालयात' असं छापलं आहे. या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. तुमच्या वकिलांना विचारून घ्या.

सामान न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा. शनिवारी सकाळी शाळा असते.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर)

सोबत : बिल, करार, औषधांची बिलं, व्हॉट्सअ‍ॅप संभाषणाची प्रत, टेस्टचे फोटो