भयकथा आवडणे म्हणजे भुतांवर विश्वास असणे नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात अशी मागणी करण्यात आली आहे की, शासकीय अनुदानावर चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांनी भयकथांची खरेदी थांबवावी, कारण या कथा अंधश्रद्धेला खतपाणी घालतात आणि त्या चवीने वाचणाऱ्यांच्या मनात काहीतरी बिघाड असला पाहिजे. पत्रलेखकांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. मात्र तालुक्याच्या ठिकाणच्या एका ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलाशी बसून मी भयकथांचे वाचक फार जवळून पाहिले आहेत, आणि भयकथेची गोडी व भुताखेतांवरचा विश्वास या दोन गोष्टी एका मनात सहसा एकत्र नांदत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके आमच्याकडे एकाहून अधिक वेळा बांधून घ्यावी लागली आहेत. परतीच्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का मारायला जागा उरत नाही, म्हणून जुन्या चिठ्ठीवर नवी डकवावी लागते. ही पुस्तके नेणाऱ्यांत शाळकरी मुले आहेत, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, आणि ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या एक परिचारिकाही आहेत. त्या ही पुस्तके रात्रपाळीला कधीच नेत नाहीत. सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणे झाली आणि घरात माणसांचा वावर असला, की मगच उघडतात. एक मुलगा रात्री पुस्तक उशाशी ठेवताना मुखपृष्ठ खाली करून ठेवतो, असे त्याच्या आईने मला सांगितले. काही वाचक तर कपाटाशी उभे राहून आधी शेवटचे पान वाचतात आणि मगच पुस्तक नोंदवायला आणतात. आपल्याला किती भीती सोसेल, कोणत्या वेळी सोसेल आणि पुस्तक कुठे मिटायचे, हे यांतला प्रत्येक जण स्वतः ठरवत असतो. खऱ्या भीतीत माणसाला ही मुभा कधीच मिळत नाही.

डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासातही हेच दिसले. माणसांना घाबरवण्यासाठीच उभारलेल्या एका घरात त्यांनी 110 जणांना हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे लावून पाठवले आणि कोणाला किती भीती वाटली, किती मजा आली, याची नोंद घेतली. भीती अगदी थोडी वाटली तेव्हा मजा कमी आली, फार वाटली तेव्हाही कमी आली. सर्वाधिक आनंद या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात मिळाला. म्हणजे ज्यांना भय आवडते ते अमर्याद भयाच्या शोधात नसतात. छाती धडधडावी, अंगावर काटा यावा, पण लगाम आपल्याच हाती असावा, अशी त्यांची अपेक्षा असते.

अर्थात धडधड आणि काटा हे शरीराचे झाले. मनाला त्यातून नेमके काय मिळते, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत भयानक रसाला मानाचे स्थान आहे, आणि तो कशाने निर्माण होतो हे सांगताना विकृत आवाज, कोल्हा, घुबड, ओस पडलेले घर, अरण्य यांचा उल्लेख येतो. आजच्या भयपटाच्या पटकथाकारालाही ही सामग्री पुरेल. परंतु भय हे तर दुःखद, मग ते रंगमंचावर पाहताना प्रेक्षक रंगून कसा जातो? सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये नाट्यशास्त्राचे भाष्यकार अभिनवगुप्त यांनी याचा उलगडा करताना उदाहरण घेतले ते कालिदासाच्या शाकुंतलातल्या हरणाचे. राजाचा रथ पाठीशी लागला आहे, हरिण मान डौलात वळवून पुन्हा पुन्हा मागे पाहते आहे, बाण लागेल या धास्तीने अंगाचा मागचा भाग पुढे ओढून घेते आहे, आणि दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर सांडत आहेत. हे पाहताना प्रेक्षकाच्या मनात जे भय उमटते ते त्याचे स्वतःचे नसते, त्याच्या मित्राचे किंवा शत्रूचेही नसते. स्थळकाळाची बंधने त्याला उरलेली नसतात, आणि म्हणूनच त्यापासून पळ न काढता ते डोळे भरून पाहता येते. भयकथेच्या आनंदाचे याहून नेमके स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेले नाही. आपल्या परसात खरोखरच भूत आहे असे ज्याला वाटते, त्याच्या वाट्याला हा रस येत नाही. त्याला फक्त घाम फुटतो.

मला स्वतःला याहूनही मोलाचे वाटणारे एक कारण आहे. आपल्या लोककथांतली भुते कोण आहेत, हे एकदा शांतपणे पाहावे. पिंपळावरचा मुंजा म्हणजे मुंज झाली, पण सोडमुंज होण्याआधीच गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बहुधा बाळंतपणात दगावलेली स्त्री. समंध म्हणजे वासना मागे ठेवून गेलेला, पुरलेल्या धनाला अजून राखणारा माणूस. ज्या काळात घराघरांतून कोवळी मुले आणि ओल्या बाळंतिणी जात होत्या, आणि त्या मृत्यूंबद्दल मोठ्याने बोलायची सोय नव्हती, त्या काळात हे दुःख गोष्टींच्या आश्रयाला आले. हडळीच्या गोष्टीत आपण तिला भितो खरे. पण गोष्ट नीट सांगणारी आजी ती कोण होती, तिचे मूल कोणी वाढवले, सासरी तिला कसे वागवले, हेही सांगतेच, आणि ऐकणाऱ्याची भीती कणवेकडे वळते. चांगल्या भयकथाकाराला हे पक्के ठाऊक असते. वाडा आणि विहीर सोडून भयकथा फ्लॅटमध्ये, लिफ्टमध्ये आणि मोबाइलमध्ये आली तरी तिच्या मुळाशी बहुतेकदा कुणावर तरी झालेला अन्याय असतो, आणि वाचक पानामागून पान उलटतो ते त्या अन्यायाचा छडा लागावा म्हणून.

आमच्या सिंधुदुर्गात, वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला, भुतांचा अधिपती मानला जाणारा वेताळ वेतोबा होऊन गावाची राखण करतो. तो रात्री गावात फिरतो अशा श्रद्धेने नवस फेडताना त्याला केळीचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. श्रद्धेचा प्रश्न इथे बाजूला ठेवला, तरी भयाचे नाते आपुलकीत बदलून घेण्याची माणसाची हातोटी त्यात दिसते, आणि गोष्ट सांगणे हीदेखील तीच हातोटी आहे.

आता अंधश्रद्धेविषयी. महाराष्ट्राने 2013 साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे अशी कृत्ये गुन्हा म्हणून नमूद आहेत. असले अघोरी प्रकार करणाऱ्याला कथा नको असते. त्याला समोरच्या माणसाची खात्री पटवायची असते की भूत खरे आहे आणि त्यावरचा उतारा आपल्याजवळच आहे. भयकथाकार खात्री मागत नाही, तो पुस्तक मिटेपर्यंतचाच करार करतो. म्हणून पत्रलेखकांनी आपला रोख कथांवरून काढून ‘सत्य अनुभव’ या नावाखाली जे खपवले जाते त्याकडे वळवावा, असे मला मनापासून वाटते. कोणत्या घाटात कोणती बाई दिसते, कोणत्या घरात राहायला गेलेले कुटुंब कसे देशोधडीला लागले, हे गावाच्या आणि घराच्या नावानिशी, ‘शंभर टक्के खरे’ असे बजावत मोबाइलवर ऐकवले जाते. त्या घरात खरी माणसे राहत असतात, त्यांच्या मुलाबाळांना शाळेत जायचे असते, आणि उद्या घर विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक फिरकत नाही. किती आणि कधी भ्यायचे हे स्वतः ठरवण्याची मुभाच असले अनुभव सांगणारे काढून घेतात. एरवी भयकथा आवडीने नेणारी काही मुले ते ऐकल्यावर संध्याकाळी ठरावीक रस्त्याने घरी जायला खरोखर घाबरतात, हे मी पाहते.

आपणांस विनंती की, आपल्या पुरवणीत भयकथा अवश्य छापाव्यात, परंतु त्या कथा आहेत हे शीर्षकाखाली स्पष्ट लिहावे आणि ‘वाचकांचे खरे अनुभव’ मागवू नयेत. पत्रलेखकांना आमच्या ग्रंथालयात येण्याचे आग्रहाचे निमंत्रण आहे. शनिवारी संध्याकाळी वर्दळ अधिक असते, तेव्हा वाचकांशी त्यांना थेट बोलता येईल. आमच्या यंदाच्या खरेदीच्या यादीत मी फाटलेल्या भयकथासंग्रहांच्या नव्या प्रती समाविष्ट केल्या आहेत, आणि ग्रंथालय समितीपुढे त्या यादीचे समर्थन मी करणार आहे.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल, जि. सिंधुदुर्ग