अप्पा, ते प्लास्टिक आठवतंय?

आदरणीय अप्पा,
सा. न.

फोनवर आभाराचा विषय काढला की तुम्ही "जेवलात का?" विचारून मोकळे होता, म्हणून हे उघड पत्र.

लोटे परशुराम एमआयडीसीतली ती साइट. मी नवा प्रोजेक्ट इंजिनिअर, तुम्ही पायपिंग कंत्राटदाराचे फोरमन. 100 केएलच्या (किलोलिटरच्या) टाकीची पाणी भरून टेस्ट झाली होती. चेकलिस्टवर 'व्हेंट मोकळा आहे' (व्हेंट म्हणजे छतावरचं हवा आत-बाहेर जाण्याचं तोंड) यापुढे मी बरोबरची खूण केली होती. शिडी न चढता, साइट ऑफिसात चहा पिता पिता. ड्रेन उघडला, पाणी धो धो निघालं. थोड्या वेळाने पत्रा टक् करून वाजला. मला वाटलं, उन्हाने असेल.

तुम्ही पलीकडच्या पाइपरॅकवरून ओरडलात, "साहेब, आधी ड्रेन बंद करा!"

मग बेल्ट लावून दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढलात, मलाही चढवलंत. पेंटरने रंग उडू नये म्हणून व्हेंटच्या तोंडाला बांधलेलं प्लास्टिक वाटीसारखं आत ओढलं गेलं होतं. तुम्ही कटरने ते फाडलंत आणि हवा शिट्टी घालत आत घुसली. खाली ड्रेन थोडासा उघडायला सांगून तुम्ही माझा तळहात त्या तोंडावर ठेवलात. ती ओढ अजून हाताला आठवते.

शंभर टन पाणी पोटात घेऊन उभी राहणारी ही टाकी. पण पाणी निघताना हवा आत आली नाही, तर आत निर्वात तयार होऊन ती चेपू शकते. तिच्या डिझाइनमध्ये निर्वात धरलेला असतो जेमतेम 25 मिलिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका. तेवढ्यानेच पाच मीटर व्यासाच्या छतावर 500 किलोच्या आसपास भार येतो. हे गणित मी त्या रात्री खोलीवर केलं. तुम्ही ते कधीच केलं नसेल.

वर कुणाला काही सांगितलं नाहीत. मीच दुसऱ्या दिवशी मॅनेजरांना सांगितलं, बोलणीही खाल्ली. स्टीम लाइनचा लूप, पंपाचं अलाइनमेंट, पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचा आराखडा) हातात घेऊन लाइन चालत तपासणं, ते सगळं तुमच्याकडूनच आलं; पण त्यासाठी वेगळं पत्र लागेल.

प्लांट सुरू होताना नारळ फोडला, त्या फोटोत तुम्ही नाही. पोरांच्या हजेरीचा हिशोब करायला गेला होतात. मी मात्र पुढच्या रांगेत, हसतोय.

तुमची पाच मीटरची टेप माझ्याकडेच राहिली आहे. टोकाचा हुक ढिला झालाय, म्हणून तुमच्यासारखंच 100 मिलिमीटरच्या खुणेवर धरून मोजतो आणि शेवटी 100 वजा करतो. दिवाळीत चिपळूणला येतोय. टेप मागू नका.

तुमचा,
'साहेब'